गायकनटाचे शिक्षण : एका रूढ मताची तपासणी

नाटकमंडळी ही गायकनटाची पाठशाळा होती. मंडळ्या मोडल्या, पाठशाळा बंद पडली आणि म्हणून गायकनट निपजेनासे झाले, हे मत आपल्याकडे इतके रूढ आहे की त्याचा पुरावा मागण्याचे कोणास कारण वाटत नाही. त्यात तथ्यांश आहे. १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणाऱ्या किर्लोस्कर मंडळीपासून पुढे अर्धशतकभर मुले मंडळीच्या बिऱ्हाडीच वाढत, नक्कल पाठ करीत, पदे बसवीत आणि ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावाचून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचविण्यास शिकत. परंतु याला गळ्याचे शिक्षण म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर भास्करबुवा बखले यांच्या चरित्रात मिळते. १८६९ साली जन्मलेले बुवा बालवयात किर्लोस्कर मंडळीत गात होते. वयात येताना आवाज फुटला आणि मंडळीस त्यांचा उपयोग उरला नाही. गोड आवाज आहे तोवर तो वापरावा, गेला की दुसरा मुलगा पाहावा, हा तेथील व्यवहार होता. गळा पुन्हा घडविण्याची विद्या मंडळीपाशी नव्हती. ती बुवांनी बडोद्यास फैजमहंमदखाँ, पुढे नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्याकडून वर्षानुवर्षे तालीम घेऊन संपादन केली. (युरोपातील ऑपेरालाही हीच अडचण होती. नेपल्सच्या ज्या संगीतशाळांनी अठराव्या शतकात तेथील रंगभूमीस गायक पुरविले, त्या मुळात अनाथ मुलांचे आश्रम होते. आवाज फुटू नये म्हणून मुलांवर शस्त्रक्रिया करण्याचा निर्दय उपाय त्या काळी इटलीत होत असे. आपल्या मंडळ्यांनी मुलाला नुसते दूर केले, एवढाच फरक.)

तेच भास्करबुवा पुढे गुरू म्हणून रंगभूमीकडे परतले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांना त्यांची तालीम मिळाली, आणि १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकातील पदांना त्यांनी ज्या चाली दिल्या त्यांमागे ख्यालगायकीची सारी पुंजी होती. मंडळीने ज्यास अनुपयुक्त ठरविले, त्यानेच बाहेरून विद्या आणून रंगभूमी समृद्ध केली. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मास्टर कृष्णराव बालनट होते, परंतु घडले भास्करबुवांपाशी. दीनानाथ मंगेशकरांनी वझेबुवांची तालीम घेतली. सवाई गंधर्व तर अब्दुल करीमखाँ यांच्याकडे शिकून मगच नाटकात शिरले.

तात्पर्य, गळा घडे तो उस्तादाच्या घरी. मंडळीत शिकावयाचे ते निराळे. राग किती उलगडावा, तान कोठे आवरावी, भाषणातून पदात शिरताना पात्राचे भान कसे राखावे, हे प्रेक्षकांसमोर रोज उभे राहिल्यावाचून कळत नाही. शिवाय गंधर्व मंडळीत तबल्यास थिरकवा व सारंगीस कादरबक्ष असत. अशा साथीत रोज गाणे ही स्वतंत्र विद्याच होय.

मंडळ्या गेल्यावरही १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' मध्ये वसंतराव देशपांडे यांनी खाँसाहेब उभा केला. तो आवाज नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्यापासून अनेक गुरूंच्या तालमीत तयार झालेला होता. रूढ मत खरे असते, तर हे घडावयास नको होते. मात्र हे उदाहरण विरळा राहिले, हेही मान्य केले पाहिजे. कारण दुसऱ्या शिक्षणाची, म्हणजे रोजच्या प्रयोगाची, सोय नंतर कोणी केली नाही.

आपली विद्यापीठे येथेच कमी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संगीत आणि नाट्य हे आपण बहुधा दोन विभागांत वाटून टाकले. संगीताचा विद्यार्थी परीक्षेत राग शुद्ध मांडतो, परंतु उभे राहून, चालत, दुसऱ्या पात्राकडे पाहत गाण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. नाट्याचा विद्यार्थी पद आले की ध्वनिमुद्रणाचा आश्रय घेतो. एखादे सत्र दोघांनी मिळून एकच संगीत नाटक बसवावे, एवढीही तरतूद अभ्यासक्रमात सहसा आढळत नाही.

वस्तुतः मराठवाड्यास हा संयोग परका नाही. आपल्या शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर पैठण आहे. एकनाथांची भारुडे म्हणणारा सोंगही आणतो, गातोही, नाचतोही आणि मध्येच श्रोत्यांशी बोलतो. आधी गाणे शिकलास की आधी सोंग, असे त्यास एकदा विचारून पाहावे; प्रश्नच त्याला चमत्कारिक वाटेल.