रिव्हर्सोची पाठ

जुनं मनगटी घड्याळ हातात आलं की संग्राहक आधी तबकडीवर भिंग धरतो. अंक मूळचे आहेत की कुणी नंतर छापून घेतलेत, काट्यांवरचा चमकणारा लेप वयाला शोभेल इतका पिवळा पडलाय का, या दोन प्रश्नांवर सौद्याचा निम्मा निकाल लागतो. 1930च्या दशकातलं रिव्हर्सो समोर आलं, तर मात्र मी म्हणेन, तबकडी थांबू दे. आधी ते उलटं करा.

चौकोनी केसच्या कडेला अंगठा लावून हलकेच रेटलं की पत्त्यांच्या लाकडी डबीचं झाकण सरकावं तशी ती आपल्या बैठकीवरून आडवी सरकते. थोडी बाहेर आली की एक कड वर उचलली जाते आणि सबंध केस कूस पालटते. मग ती परत आत ढकलायची. जागेवर बसताना बारीक ‘टक्’ आवाज होतो. आता वेळ मनगटाकडे तोंड करून आत चालू आहे आणि जगाकडे आहे ती फक्त पोलादाची सपाट पाठ. वेळ दाखवण्यासाठी जन्मलेली वस्तू वेळ झाकून बसते, आणि तशी बसल्यावर जास्तच रुबाबदार दिसते.

हे सुचलं आपल्याकडच्या पोलोच्या मैदानांमुळे. सेझार द त्रे हा स्विस व्यापारी 1930-31च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आला होता. याने आधी पैसा मिळवला होता तो दंतवैद्यांना लागणाऱ्या मालात. घड्याळांकडे तो नंतर वळला. इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार अशी की पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते. द त्रेने ही अडचण स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ-कारखानदार जाक-दाव्हिद लकुल्त्रच्या कानावर घातली, आणि 4 मार्च 1931 रोजी रने-आल्फ्रेड शोव्हो या अभियंत्याने पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज दाखल केला: आपल्या बैठकीवर सरकणारं आणि पूर्ण उलटं फिरणारं घड्याळ. पोलोच्या किश्श्याला कंपनीच्या जाहिरातींनी पुढे भरपूर तिखटमीठ लावलं, पण पेटंटाची तारीख पक्की आहे. हिवाळ्यात ऐकलेल्या तक्रारीचा मार्चमध्ये अर्ज! दुसऱ्या कुणी काचच जाड केली असती. यांनी काचेला तोंड फिरवायला शिकवलं.

दर्शनी बाजूही साधी नाही. तबकडीच्या वर तीन आणि खाली तीन अशा आडव्या पन्हळी केसवर कोरलेल्या आहेत. त्या काळच्या आर्ट डेको इमारतींच्या कपाळावर असतात तशाच या रेघा, आणि नुसती शोभा म्हणून त्यांच्याकडे बघितलं तरी चालतं. पण त्यांचं काम वेगळंच आहे. केस आणि तिची बैठक हे दोन सुटे भाग आहेत, त्यांच्यामध्ये फट असणारच. या रेघांच्या ओळीत ती फट कुठल्या कुठे हरवते आणि सगळं घड्याळ एकाच तुकड्यातून कापल्यासारखं वाटतं. जुन्या रिव्हर्सोची पहिली परीक्षाही इथेच. रेघेवरून नख फिरवावं. कड नखाला लागली तर केस मूळची. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत लागली, तर कुणीतरी पॉलिशच्या चाकावर हौस भागवून घेतली आहे असं समजावं.

या केसच्या मापात सुवर्ण गुणोत्तर आहे असं कौतुकाने सांगतात. मूळचं माप सुमारे 38 बाय 24 मिलिमीटर. भागून बघा, 1.58 येतं, सुवर्ण गुणोत्तर 1.618 आहे. डोळ्याला ते सुरेख दिसतं एवढं पुरे, त्याला गणिताचं शिफारसपत्र कशाला?

सुरुवातीच्या तबकड्यांवर बहुधा कंपनीचं नावच नसे, फक्त ‘रिव्हर्सो’. आतलं मशीनही पहिल्यांदा तावान कंपनीकडून विकत घेतलेलं. लकुल्त्रने स्वतःचं आयताकृती मशीन बसवलं ते 1933 मध्ये. ‘जेजर-लकुल्त्र’ हे कंपनीचं जोडनाव अधिकृत झालं 1937 साली. हा क्रम पाठ असलेला माणूस बाजारात सहसा फसत नाही.

पण माझा जीव गुंततो तो पाठीत. खेळताना मार सोसायला म्हणून ठेवलेला हा कोरा पत्रा. त्यावर काही लिहावं असं पेटंटात नव्हतं. लोकांनीच ते ठरवलं. कुणी आद्याक्षरं कोरली, कुणी घराण्याचं चिन्ह, कुणी लग्नाची तारीख. जनरल डग्लस मॅकार्थरच्या रिव्हर्सोवर ‘डी मॅक ए’ एवढीच अक्षरं आहेत. सेनापतीने स्वतःच्या नावातही काटकसर केली. 1930च्याच दशकातल्या एका रिव्हर्सोच्या पाठीवर भारतीय राजघराण्यातल्या स्त्रीचं मीनाकामात रंगवलेलं चित्र आहे. म्हणजे मैदानावरच्या गोऱ्या साहेबांसाठी निघालेली युक्ती काही वर्षांतच संस्थानी अंतःपुरापर्यंत पोचली. घड्याळ तेच, फक्त आता पाठ फिरवायची ती मुखडा दाखवायला.

युद्धानंतर गोल घड्याळांची चलती झाली आणि रिव्हर्सो मागे पडलं. 1972 मध्ये जॉर्जिओ कॉर्व्हो या इटालियन विक्रेत्याला कारखान्यात 200 रिकाम्या केस पडून असलेल्या दिसल्या. त्याने त्या सगळ्या उचलल्या, आत मशीनं बसवून घेतली आणि हातोहात विकल्या. तिथून या घड्याळाचा दुसरा जन्म सुरू झाला. 1994 मध्ये ‘ड्युओफेस’ आलं. त्यात पाठीवरही तबकडी, दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारी. कारागिरी म्हणून हे अचाट आहे, एकच मशीन दोन्ही बाजूंचे काटे फिरवतं. मला मात्र तिथे जागा बळकावल्यासारखी वाटते. एका बाजूला बोलणं आणि दुसऱ्या बाजूला गप्प राहणं ही मूळ रचना होती. दोन्ही बाजू बोलायला लागल्यावर उलटायची गंमत अर्धी होते.

अनोळखी आद्याक्षरं असलेलं रिव्हर्सो पूर्वी विकायला जड जाई. दुसऱ्याचं नाव कोण मनगटावर वागवणार? म्हणून व्यापारी ते घासून टाकत. आता जाणकार उलट अक्षरांचीच चौकशी करतात, आणि साफ कोरी पाठ दिसली की ती तिरपी धरून उजेडात बघतात. खोल कोरलेलं अक्षर सहजी मिटत नाही. तिथला पत्रा किंचित खोलगट राहतो आणि प्रतिबिंब वाकडं पडतं. अशा घड्याळाची किंमत खुशाल पाडून मागावी. पट्टा, काच, चावी, एवढंच काय तबकडीसुद्धा नवी मिळते. घासलेली पाठ भरून देणारा घड्याळजी अजून जन्माला यायचाय.