बिल्ल्यांनी आवड लागते का?

शिकवण्याच्या अ‍ॅपची जाहिरात पाहिलीत, तर 'मेंदूविज्ञानावर आधारित' हे शब्द त्यात बहुधा सापडतात. आज आपण हा दावाच तपासू. आमचं म्हणणं थोडक्यात असं : अशा बऱ्याच अ‍ॅप्सनी संशोधनातलं सोयीचं तेवढं उचललं आहे आणि अवघड ते बाजूला ठेवलं आहे.

आधी स्मरणाचं बघू. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं, तर दोनदा वाचलेला उतारा पुढे होता : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं : ४२ विरुद्ध ५६. म्हणजे आठवायचा प्रयत्न करणं हेच शिकणं आहे.

आता अ‍ॅपकडे वळू. व्हिडिओ संपला, की लगेच चार पर्यायांचे पाच प्रश्न. मुलगी पाचही बरोबर सोडवते, आईच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटते. पण हे मोजमाप नेमकं त्या पाच मिनिटांच्या टप्प्यावरचं झालं! शिवाय पर्याय समोर असले, की आठवावं कमी लागतं, ओळखलं तरी भागतं. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पर्यायांविना विचारला, तर काय उरलं ते कळेल. तिथे गुण कमी पडतील, पालक नाराज होतील. म्हणून तो प्रश्न विचारलाच जात नाही, असं आम्हाला वाटतं.

प्रेरणेचंही तसंच. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे बक्षीस नसताना ही मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, सौद्याचा आहे. आणि हा निष्कर्ष आधीच आवड असलेल्या मुलांबद्दल आहे, हेही विसरू नये. ज्याला गणिताची धास्तीच आहे, त्याला बिल्ल्यामुळे निदान सुरुवात करता येत असेल, तर आमची हरकत नाही. प्रश्न पुढचा आहे : तो बिल्ला काढून कधी घेणार?

डेसी आणि रायन यांनी माणसाच्या तीन गरजा सांगितल्या : स्वतः निवडता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपलं कुणीतरी असणं. सलग दिवसांची मोजणी आणि गुणांची यादी यांतलं काय देते? फार तर दुसरीचा आभास.

मग तंत्रज्ञान नकोच का? तसं नाही. दिल्लीत 'माइंडस्पार्क' केंद्रांवर झालेला अभ्यास बघा. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत मुलांनी गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती केली. सॉफ्टवेअर इयत्ता न बघता मुलाची खरी पातळी शोधून तिथून प्रश्न देत होतं, म्हणजे 'जमतंय' हे खरोखर घडत होतं. आणि लक्षात घ्या, रोजच्या नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ पडद्यासमोर होता, निम्मा एका शिकवणाऱ्या माणसासोबत, लहान गटात. त्यामुळे यशाचं सगळं श्रेय सॉफ्टवेअरला देता येत नाही.

तेव्हा शाळेत नवं अ‍ॅप आलं, की शिक्षकांनी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आठवड्याने, महिन्याने तुम्ही काय तपासता? चूक झाल्यावर मुलाला नुसतं लाल चिन्ह दिसतं, की का चुकलं ते कळतं? आणि या सगळ्यात आमच्या शिक्षकाने नेमकं काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाला 'काहीच नाही, अ‍ॅप सगळं करतं' असं उत्तर आलं, तर आपण तिथेच थांबलेलं बरं.