आज रोख, उद्या उधार : हाती रंगवलेल्या खेळकर पाट्यांचा एक विचार

प्रस्तावना

मराठी विनोदाची परंपरा सांगताना श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे ही नावे क्रमाने घेतली जातात. ही परंपरा छापील ग्रंथांची आहे. तिच्या बाहेर पत्र्यावर, लाकडी फळीवर, भिंतीवर आणि मालमोटारीच्या पाठीवर रंगवलेला आणखी एक विनोद मराठी माणूस अनेक दशके येताजाता वाचत आला आहे. त्यातील एका शाखेला 'पुणेरी पाटी' या नावाने प्रतिष्ठा लाभली. तिचे संग्रह निघाले, प्रदर्शने भरली आणि पुढे ती भ्रमणध्वनीवरून घरोघरी फिरू लागली. मात्र या प्रतिष्ठेच्या गडबडीत पाटी रंगवणारा हात नजरेआड झाला आणि पुण्याच्या पेठांबाहेरची पाटी तर विचारातही घेतली गेली नाही. नीरा-बारामती रस्त्यावरील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या उसाच्या पट्ट्यातील गावांत किराणा दुकान, केशकर्तनालय, पंक्चरचे दुकान, शाळेची भिंत आणि ट्रॅक्टरची ट्रॉली या साऱ्यांवर ज्याचा ब्रश फिरला, त्या ग्रामीण पेंटरच्या कामाकडे कलाव्यवहार म्हणून पाहिल्यास पुणेरी पाटीचेही मूल्यमापन वेगळे होते.

नकाराचे व्याकरण

खेळकर पाटी बहुधा 'नाही' म्हणण्यासाठी लिहिली जाते. दाराशी वाहन लावू नये, पत्ता विचारू नये, दुपारी घंटी वाजवू नये, उधार मागू नये, असा तिचा विषय असतो. पुणेरी पाटीचे यश तिच्या तिरकसपणात आहे असे सांगितले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. तिचा विनोद मुख्यत्वे व्याकरणातून येतो. 'करण्यात येईल', 'करू नये', 'जबाबदार राहणार नाही' ही कचेरीतील भाषा आहे. सरकारी सूचनेचा हा कर्मणी प्रयोग एक गृहस्थ आपल्या तीन फुटी फाटकासाठी वापरतो. दाराशी वाहन उभे केल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल, असे बजावणाऱ्या पाटीत हवा कोण सोडणार हे कधीच सांगितलेले नसते. वाक्यातून कर्ता नाहीसा होतो आणि त्याच्या जागी जणू एखादे अदृश्य खाते उभे राहते. धमकीचा क्षुद्रपणा व तिची भारदस्त भाषा यांतील अंतर हेच हसू येण्याचे कारण होय.

या पाटीचा वाचक अनोळखी असतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. शहर वाढले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, गल्लीत परक्यांची ये-जा सुरू झाली. ज्याला हाक मारून समजावता येत नाही त्याच्यासाठी पाटी लागते. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या पुणेरी रिवाजाची जी थट्टा झाली तीही याच नात्यातून. चितळे बंधू यांचे दुकान २०१७ साली दुपारीही उघडे राहू लागले तेव्हा ती बातमी ठरली. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातील अंतर हे पुणेरी विनोदाचे भांडवल होते आणि त्याचा काही भाग त्या दिवशी खर्ची पडला, असे म्हणता येईल.

गावातील पाटीचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. तेथे वाचक ओळखीचा असतो, पुष्कळदा भावकीतला असतो. 'आज रोख, उद्या उधार' ही चार शब्दांची पाटी महाराष्ट्रातील असंख्य दुकानांत लागलेली आहे, आणि ती इतकी परिचित झाली आहे की तिच्याकडे रचना म्हणून कोणी पाहत नाही. पाटीवरील 'आज' हा शब्द कोणत्याच तारखेचा नाही. जो दिवस उजाडेल तो 'आज' होतो, आणि उधारीचा दिवस नेहमी एक पाऊल पुढे राहतो. शब्दशः पाहिले तर पाटी उधार देण्याचे वचन देते, आणि ते वचन ती कधीच मोडत नाही, कारण ते पाळण्याची वेळच येत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे हे वाक्य आहे.

त्यामागील अर्थव्यवहार मात्र गमतीचा नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस आला आणि पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कोऱ्हाळे परिसराचा जवळचा कारखाना म्हणजे सोमेश्वरनगरचा सोमेश्वर सहकारी साखर कारखाना. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत देणे बंधनकारक आहे. व्यवहारात मात्र शेतकऱ्याच्या तोंडी 'पहिली उचल', 'दुसरा हप्ता', 'दिवाळीचे बिल' हेच शब्द असतात. म्हणजे घरात पैसा येतो तो वर्षातून मोजक्या वेळा, आणि मीठमिरची लागते ती रोज. अशा गावात उधारी ही किराणा दुकानाची चूक नसून त्याची रीत असते. दुकानदाराला सर्वांना नाही म्हणता येत नाही, आणि सर्वांना हो म्हटले तर दुकान चालत नाही. समोर उभ्या असलेल्या चुलत्याला तोंडावर नकार देणे म्हणजे नात्यात गाठ पाडणे. तो नकार पाटी देते. पाटीकडे बोट दाखवून दुकानदार हसतो, चुलताही हसतो, आणि पुष्कळदा मग उधार दिलेच जाते. पाटी नियम सांगते आणि अपवादाला जागाही ठेवते. पूर्वी दुकानांतून दिसणारे, उधारीने कफल्लक झालेला व रोखीने गब्बर झालेला असे दोन व्यापारी दाखवणारे छापील चित्र हेच सांगत असे. परंतु ते उपदेश करते, पाटी नात्याचे भान ठेवून चेष्टा करते. पुणेरी पाटीच्या तिरकसपणापेक्षा हा विनोद अधिक कठीण आहे, कारण तो ज्याच्यावर होतो त्याच्याशी उद्याही बोलायचे असते.

अक्षर आणि हात

पाट्यांचे संग्रह करणारे मजकूर उतरवून घेतात. एखादा विनोद ऐकवताना आवाज वगळून फक्त शब्द सांगावेत तसा हा प्रकार आहे. रंगवलेल्या पाटीत अक्षराचा आकार हाच आवाज असतो.

पेंटर प्रथम पत्रा घासून त्यावर अस्तराचा हात देतो. तो वाळल्यावर खडूची पूड लावलेला दोरा ताणून त्याच्या फटक्याने रेषा आखून घेतो. चपट्या ब्रशने, मनगटाला काठीचा आधार देऊन, ऑइलपेंटने अक्षरे ओढली जातात आणि शेवटी एका बाजूने सावली दिली जाते. देवनागरी अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते. त्यामुळे दोन ओळींमधील अंतराचा हिशेब रोमन अक्षरापेक्षा अवघड होतो. हिशेब चुकला की ओळीची शेवटची अक्षरे आक्रसतात. 'सूचना' हा शब्द ऐसपैस आणि 'हुकमावरून' कडेला दाटीवाटीने उभा, अशी पाटी आपोआपच विनोदी होते. तो विनोद पेंटरला अभिप्रेत असतोच असे नाही. चांगला पेंटर मात्र हा ताण जाणूनबुजून वापरतो. 'रोख' ठळक तांबड्यात आणि 'उधार' फिकट निळ्यात काढला की अर्थाचे अर्धे काम रंगच करून टाकतो.

कोऱ्हाळे बुद्रुक हे गावाचे नावच पेंटरची परीक्षा घेणारे आहे. 'बुद्रुक' म्हणजे मोठे आणि 'खुर्द' म्हणजे लहान. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि महाराष्ट्रातील जोडगावांच्या नावांना चिकटले. पाटीवर जागा नसते तेव्हा पेंटरच्या कामी 'बु॥' हे संक्षिप्त रूप येते. 'बुद्रुक' या शब्दाचा मोठेपणा दोन उभ्या दंडांत मावतो हा योगायोग गमतीचाच म्हटला पाहिजे. खरी कसोटी 'ऱ्ह' या जोडाक्षराची. डोळ्याच्या पापणीसारखा हा आडवा अर्धा 'र' मराठीचा विशेष होय. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत त्यामुळेच अर्थ बदलतो. समुद्राच्या जागी डोंगरांमधील खोलगे येतात आणि गुरूच्या जागी स्वयंपाकी. हाती रंगवणाऱ्याला हा 'र' काढताना अडचण नसते, कारण तो कानाने लिहितो. संगणकावर जुळवलेल्या फलकांवर मात्र त्याचा पुष्कळदा रफार होतो आणि 'कोर्हाळे' असे उच्चारताना अडखळायला लावणारे रूप समोर येते. 'ल' आणि 'श' यांच्या मराठी वळणांचेही असेच आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही वळणे प्रमाण ठरवली. गावोगावचे पेंटर ती वळणे कोणत्याही निर्णयाशिवाय गिरवत आले होते.

या हाताला कलेच्या इतिहासात स्थान नाही असे नाही. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्री यांना लोक 'पेंटर' म्हणू लागले आणि बाबूराव पेंटर हेच त्यांचे नाव झाले. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवत होते. मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खर यांनी १९७२ च्या 'जनता वॉच रिपेअरिंग' या चित्रात दुकानाची पाटीच कॅनव्हासवर आणली. नाट्यनामांच्या अक्षरांना स्वतंत्र चेहरा देणारे कमल शेडगे (निधन २०२०) यांच्याविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. तथापि या सर्वांचा गौरव झाला तो पाटीपासून ते दूर गेल्यानंतर, किंवा पाटी त्यांनी दालनात अथवा वर्तमानपत्रात नेल्यानंतर. पत्र्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अमुक आर्ट्स' एवढीच सही करणारा मागे राहिला. त्या सहीत आडनाव नसते, पण पूर्वी काही ठिकाणी दूरध्वनी क्रमांक असे. ती सही म्हणजे जाहिरातच असते, आणि ती वाचण्यासाठी पाटीच्या अगदी जवळ जावे लागते.

फ्लेक्सनंतरची पाटी

गेल्या सुमारे दोन दशकांत डिजिटल छपाईच्या फ्लेक्सने पेंटरचा बाजार उठवला. एका दिवसात फलक मिळतो, छायाचित्र छापता येते, आणि वाढदिवसाच्या फलकावर 'भावी' पदाधिकाऱ्यांचे डझनभर चेहरे बसतात. अक्षर तेथे चेहऱ्यांच्या फटीत उरते. अनेक पेंटरांनी ब्रश ठेवून संगणक घेतला, आणि त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. शाळांच्या 'बोलक्या भिंती', २०००-०१ पासून सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, त्याआधीचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, अशा सरकारी कामांनी हा व्यवसाय काही काळ तगवला. त्यातील घोषणांत खेळकरपणा मात्र क्वचितच असे. भिंत सरकारची असली की पेंटरही हात आखडता घेतो.

वाहनांच्या पाठीवरचा खेळ अधिक काळ टिकला. 'हॉर्न ओके प्लीज' या तीन शब्दांमधला 'ओके' कोठून आला याच्या अनेक कथा सांगितल्या जातात आणि एकीचाही आधार पक्का नाही. हे वाक्य हॉर्न वाजवण्यास उत्तेजन देते म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. ध्वनिप्रदूषणाची काळजी रास्त असली तरी वाक्याचा दर्जा त्यात चुकला. ते आज्ञा म्हणून फार पूर्वीच संपले होते आणि नक्षी म्हणून उरले होते. त्याच्या दोन्ही बाजूंस काढलेले कमळ आणि मोर यांच्याइतकेच ते अर्थहीन आणि आवश्यक होते.

हे अक्षर जपण्याचे प्रयत्नही झाले. दिल्लीत काम करणारे हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांनी रस्त्यावरील पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे संगणकीय टंक तयार करण्याचा उपक्रम चालवला. पेंटरचे नाव टंकाला देण्याची त्यांची दृष्टी मोलाची होती. परंतु टंकात एकच 'क' पुन्हा पुन्हा येतो. पत्र्यावरच्या दोन 'क'मध्ये शेजारच्या अक्षराप्रमाणे आणि उरलेल्या जागेप्रमाणे फरक पडतो. खेळकर पाटीचा जीव त्या फरकात असल्याने टंकाने वळण वाचते, पण जागेवर घेतलेला निर्णय हरवतो. पुणेरी पाटीच्या मजकुराचे भ्रमणध्वनीवर जे झाले तेच येथे अक्षराचे होते. फाटकावरची धमकी फाटकाशिवाय वाचली की ती केवळ सुभाषित बनते, आणि कोणाचीच हवा जात नाही.

कायद्याने या काळात पाटीकडे वेगळ्याच कारणाने लक्ष दिले. दुकानांचे नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असावेत आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, यासाठी २०२२ मध्ये राज्यात तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. भाषेच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु कायदा अक्षराची उंची मोजतो, वळण मोजत नाही. मुदतीच्या घाईत पालटल्या जाणाऱ्या फलकांना छापखाना सोयीचा, आणि छापील फलकावर 'ऱ्ह' चुकला तरी तो नियमात बसतो.

खेळकर पाटीची नोंद करायची तर मजकुराबरोबर ती कोठे टांगली होती, कोणत्या उंचीवर, कोणत्या पृष्ठभागावर, कोणासाठी आणि कोपऱ्यात सही कोणाची, हेही टिपावे लागेल. ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी आणि समाजशास्त्र विभागांना हे काम आपल्याच रस्त्यावर करता येण्यासारखे आहे. ज्यांनी १९७०-८० च्या दशकांत ब्रश धरला ते पेंटर अजून अनेक गावांत आहेत आणि आपण रंगवलेली कोणती पाटी कोणत्या भांडणानंतर लागली हे त्यांना आठवते. पत्र्यावरचा ऑइलपेंट उन्हापावसात फार वर्षे टिकत नाही. आधी तांबडा विटतो, मग सावली जाते, आणि 'उद्या उधार' पुसट होऊन नुसता 'आज' उरलेली पाटी दुकानाच्या फळीमागे पडून राहते.