‘फिक्शन’ची व्युत्पत्ती आणि मराठी समीक्षेतील ‘कल्पित’

‘फिक्शन’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठी समीक्षेत ‘कल्पित साहित्य’ हा पर्याय वापरला जातो. ‘कल्पित’ म्हणजे प्रत्यक्षात न घडलेले, एवढाच अर्थ त्यामागे बहुधा गृहीत असतो. मूळ शब्दाचा आशय मात्र निराळा आहे.

‘फिक्शन’ हा शब्द लॅटिनमधील ‘फिंगेरे’ या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. माती किंवा मेण यांना हाताने आकार देणे हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थ. मूर्ती घडविणाऱ्यास लॅटिनमध्ये ‘फिक्तोर’ म्हणत. बहाणा करणे, खोटे रचणे हे अर्थ त्याला पुढे लक्षणेने चिकटले. ‘फिगमेंट’ हे याच धातूचे दुसरे अपत्य. त्याच्या वाट्याला इंग्रजीत केवळ मनाचा भास उरला. ‘फिंगेरे’ ज्या इंडो-युरोपीय धातूतून निघाले, त्यातूनच संस्कृत ‘दिह्’ (लिंपणे) आणि ‘देह’ हे शब्द आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कायद्याने मात्र या शब्दाचा जुना अर्थ जपलेला दिसतो. देवतेची मूर्ती किंवा एखादी कंपनी ही विधितः ‘व्यक्ती’ ठरते. त्या रचनेला कोणी असत्य म्हणत नाही.

‘कल्पित’ची हकीकतही फारशी वेगळी नाही. ‘कॢप्’ म्हणजे जुळणे, योग्य होणे. त्याचे प्रयोजक रूप म्हणजे रचणे. ऋग्वेदात विधाता सूर्यचंद्र घडवितो तो याच क्रियापदाने. ‘कपोलकल्पित’पर्यंत येता येता मराठीने या शब्दातील घडण गमावली आणि खोटेपणा तेवढा ठेवला.

हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. चक्रधरांच्या निरूपणातून केशिराजांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’ची रचना सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी आहे. त्यातील हत्ती आणि आंधळे यांच्या दृष्टान्तात तो हत्ती खरोखर कोणत्या गावी आला होता, असे कोणी विचारीत नाही. मराठी गद्याच्या आरंभकाळीच कल्पित हे सत्यकथनाचे साधन म्हणून असे निःसंकोचपणे वापरलेले आढळते.

दलित आत्मकथनांच्या समीक्षेत याच्या नेमके उलट घडले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’मुळे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे दलित साहित्यचळवळीचे एक प्रमुख केंद्र ठरले. पुढे आत्मकथने आली, तेव्हा ‘हे कल्पित नव्हे, जळजळीत वास्तव आहे’ असा त्यांचा गौरव झाला. हा गौरव प्रामाणिक असला तरी अपुराच म्हटला पाहिजे. त्याने लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आणि त्याच्या घडणीची चर्चा बव्हंशी टाळली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. तेथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे असे दोन भाग करून त्यांना समोरासमोर बसविणे ही अनुभवातून आयती आलेली गोष्ट नव्हे. ती ‘फिंगेरे’च्या मूळ अर्थाने लेखकाने घडविली आहे, आणि त्यामुळे ‘बलुतं’मधील एकही प्रसंग खोटा ठरत नाही.