गटात न बसणारा

गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या सोसायटीत तीन गोष्टी न चुकता होतात. तिसऱ्या दिवशी लाउडस्पीकर बिघडतो, पाचव्या दिवशी खजिनदार हिशेबावरून राजीनामा देतात (आणि सहाव्या दिवशी मागे घेतात), आणि आठव्या दिवशी मुलांची प्रश्नमंजूषा होते. यांतली तिसरी गोष्ट आजवर निरुपद्रवी समजली जात असे. यंदा ती माझ्याकडे सोपवली गेली आणि लोक पहिल्या दोन्ही विसरले.

माझी निवड कशी झाली, हे विचारू नका. निवृत्त माणूस, जाड भिंगांचा चष्मा आणि दर्शनी खोलीत पुस्तकांचं कपाट एवढ्या भांडवलावर माणूस विद्वान ठरतो. कपाटाची किल्ली तीन वर्षांपूर्वी हरवली आहे, ही गोष्ट आम्ही दोघं सोडून कुणाला ठाऊक नाही.

प्रश्नांची शेवटची फेरी मी 'गटात न बसणारा शब्द ओळखा' या प्रकाराची ठेवली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला कधी बसलेल्या, किंवा मुलांना बसवलेल्या, प्रत्येकाला हा प्रकार पाठ असतो. परीक्षकाच्या दृष्टीने याच्याइतकं सोयीचं काही नाही. चार शब्द लिहायचे, एकाखाली रेघ ओढायची, झाला प्रश्न तयार! "पोळी लाटण्यापेक्षा सोपं," असं मी घरात म्हणालोसुद्धा. त्या रात्री ताटात भात होता.

शेवटच्या फेरीत दोघंच उरली. तळमजल्यावरचा एक गुटगुटीत मुलगा आणि तिसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली, सातवीतली. मुलाला प्रश्न आला : कावळा, मोर, चिमणी, वटवाघूळ. "वटवाघूळ!" तो ओरडला. कार्डावरही वटवाघूळ होतं. टाळ्या. मग चष्मेवालीला मी विचारलं : गंगा, यमुना, गोदावरी, नर्मदा.

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "यमुना."

कार्डावर होतं, नर्मदा. मी म्हणालो, "चूक."

"का?"

"कारण नर्मदा पश्चिमेला वाहते. अरबी समुद्राला मिळते."

"ते मला माहीत आहे, आजोबा. पण यमुना समुद्राला मिळतच नाही. ती प्रयागला गंगेला मिळते. बाकीच्या तिघी समुद्राला मिळतात."

मंडपात शांतता पसरली. हातात अधिकार आहे पण उत्तर नाही, अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "वेळ संपली."

पहिलं बक्षीस, म्हणजे कंपासपेटी, मुलाला मिळालं. चष्मेवालीला साबणदाणी. मी बक्षीस देऊन पाठ थोपटायला हात पुढे केला, तेवढ्यात ती खुर्चीवर जाऊन बसलीही. रडली वगैरे नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी समजूत तरी घातली असती.

प्रसाद वाटताना मी विजयी वीराला कौतुकाने विचारलं, "काय रे, वटवाघूळ सस्तन प्राणी आहे हे तुला शाळेत शिकवलं का?" तो पेढा खात म्हणाला, "मला काय माहीत? त्याचं नाव सगळ्यात लांब होतं."

म्हणजे पाहा : ज्याचं कारण चुकलं त्याला कंपासपेटी, आणि जिचं कारण बरोबर होतं तिला साबणदाणी! असा न्याय माझ्या हातून एका मिनिटात दोनदा घडला होता.

रात्री मंडपामागे खुर्च्यांचं कोंडाळं जमलं. निवृत्त मामलेदार म्हणाले, "मुलगीही चूक आणि तुम्हीही चूक. वेगळी आहे ती गोदावरी. चौघींत तिचा एकटीचा उगम महाराष्ट्रात, त्र्यंबकेश्वरला. नर्मदा अमरकंटकची, बाकीच्या दोघी हिमालयातल्या." त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक हसले. प्राध्यापक हसले की दुसऱ्याचं चुकलेलं असतं. "वेगळी गंगाच," ते म्हणाले. "बाकीच्या तिघी भारतात सुरू होतात, भारतात संपतात. गंगा एकटी सरहद्द ओलांडते आणि बांगलादेशात पद्मा होते." झालं! चार नद्या आणि चौघीही वेगळ्या. इतक्या पाण्यात मी एकटा कोरडा उरलो होतो, तोही घशाने.

मराठी समीक्षकांनी कविता तपासली, कादंबरी तपासली, नाटकाला तर प्रयोग संपायच्या आत फैलावर घेतलं. पण या चार शब्दांच्या वाङ्मयप्रकाराकडे त्यांचं लक्ष गेलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा ते काम आता अनुभवी गुन्हेगार या नात्याने मलाच करायला हवं.

या प्रकाराचा पहिला दोष असा की, तो ज्ञानाचा प्रश्न असल्याचं सोंग आणतो आणि प्रत्यक्षात विचारतो, "माझ्या मनात काय आहे, सांग पाहू?" मुलाला नद्या माहीत असून भागत नाही, परीक्षकही माहीत असावा लागतो. परीक्षेत तर एक वर्तुळ काळं करायचं असतं. त्या वर्तुळात 'यमुना' मावते, 'कारण ती समुद्राला मिळत नाही' हे मावत नाही. ज्या प्रश्नाचा जीव कारणात आहे, त्यात कारण लिहायलाच जागा नसावी, म्हणजे जेवायला बोलावून पाटावर ताटच न मांडण्यासारखं झालं.

दुसरा दोष मला स्वयंपाकघरात सापडला. दुसऱ्या दिवशी मी सौभाग्यवतींना विचारलं, "विळी, सुरी, किसणी, नारळ. यांत गटात न बसणारं काय?" माझ्या मते इथे पाणी मुरायला जागाच नव्हती. तीन हत्यारं आणि एक फळ.

"सुरी," ती म्हणाली.

"सुरी? नारळ नाही?"

"नारळ काढला तर खवायचं काय? विळीवर नारळ खवता येतो, किसणीवर सुकं खोबरं किसता येतं. सुरीचं इथे काय काम?"

मी हे प्राध्यापकांना हसत हसत सांगितलं, तर ते या वेळी हसले नाहीत. त्यांनी मला एक हकिगत सांगितली. 1931 आणि 1932 साली अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांसमोर त्यांनी चार चित्रं ठेवली : हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यांतलं वेगळं कोणतं? शेतकरी म्हणाले, चारही हवीत. करवत कापणार कशाला? कुऱ्हाड फोडणार काय? एकाला सांगितलं की, दुसरा एक माणूस ओंडका वेगळा आहे म्हणाला होता. तर तो म्हणाला, त्याच्याकडे जळण मुबलक असेल! थोडीफार शाळा शिकलेले तरुण मात्र पटकन ओंडका बाजूला काढत. हे सारं पुस्तकरूपाने यायला 1974 साल उजाडलं. आमच्या घरी ते ज्ञान खोबऱ्याच्या वाटीतून कधीचंच येऊन बसलं होतं, हे मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लुरियांच्या बायकोला विचारलं असतं तर एवढा प्रवास वाचला असता."

तेव्हा दुसरा दोष हा : गट जगात आधीपासून मांडलेले नसतात, ते आपण आपल्या कामाप्रमाणे मांडतो. बटाटा, रताळं, मुळा, गाजर घ्या. वनस्पतिशास्त्र म्हणतं, बटाटा वेगळा, कारण तो खोड आहे आणि बाकीची मुळं. स्वयंपाकघर म्हणतं, इथे सरळ दोन पक्ष आहेत : बटाटा-रताळं उपवासाला चालतात, मुळा-गाजर आमच्याकडे चालत नाहीत. गंमत म्हणजे बटाटा आणि रताळं दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्यांना एकादशीच्या ताटात मानाचं पान, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राबणारा मुळा मात्र दाराबाहेर! 'गटात न बसणारा' ठरवणाऱ्यांचा कारभार हा असा असतो.

प्राध्यापकांकडे आणखी एक शस्त्र होतं. सातोसी वातानाबे या जपानी शास्त्रज्ञाने 1969 साली एक सिद्धान्त मांडला. त्याला नावच 'कुरूप बदकाचं पिल्लू' असं पडलं आहे, अँडरसनच्या गोष्टीवरून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सगळ्या गुणधर्मांना सारखाच भाव दिला, तर जगातल्या कुठल्याही दोन वस्तूंमधली साम्यं मोजून सारखीच भरतात. कुरूप पिल्लू आणि एखादं बदक यांच्यात जितकं साम्य, तितकंच कुठल्याही दोन बदकांत. फरक दिसतो तो आपण काही गुणांना जास्त भाव देतो म्हणून. "याचा अर्थ, मामलेदार आणि मुळा यांच्यातही तेवढंच साम्य?" मी विचारलं. प्राध्यापकांनी मागे वळून पाहिलं, मामलेदार जवळपास नाहीत याची खात्री करून घेतली, आणि मगच होकार दिला.

मग काय, हे प्रश्न बंद करायचे? मुळीच नाही. मी जिद्दीला पेटलो. एक तरी न गळणारा प्रश्न बनवायचाच, म्हणून रात्री साडेबारापर्यंत नकाशा घेऊन बसलो आणि नवा संच काढला : गोदावरी, कृष्णा, कावेरी, तापी. तिघी बंगालच्या उपसागराला मिळतात, तापी एकटी अरबी समुद्राला. समुद्राला न मिळणारी एकही नाही, सरहद्द ओलांडणारी एकही नाही. सकाळी फिरायला जाताना मामलेदारांना ऐकवला. "कावेरी," ते चालता चालताच म्हणाले. "बाकीच्या तिघी महाराष्ट्रातून वाहतात." आणि पुढे निघून गेले. साडेबारापर्यंतचं वीजबिल पाण्यात गेलं.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. आम्ही सगळे 'वेगळं कोण?' याच्याच मागे लागलो होतो. वेगळं तर प्रत्येकच असतं. त्याला पुरावा कशाला? खरं विचारायचं ते उरलेल्या तिघांविषयी : यांना एकत्र कशाने बांधलं? एकाला बाहेर काढणं सोपं, तिघांचं नातं सांगणं कठीण. प्रश्न चांगला की वाईट, उत्तर पक्कं की कच्चं, याची कसोटी तिथे लागते. आणि त्या कसोटीला चष्मेवालीचं उत्तर पुरेपूर उतरत होतं. तिने नुसतं 'यमुना' म्हटलं नव्हतं. बाकीच्या तिघींचं नातंही सांगितलं होतं. मी मात्र घड्याळ पाहत होतो.

विसर्जनानंतरच्या रविवारी नवी कंपासपेटी घेऊन मी तिसरा मजला चढलो. दार तिनेच उघडलं. मी म्हणालो, "तुझं उत्तर बरोबर होतं. मी त्या दिवशी चुकलो."

"पण नर्मदाही बरोबर होतं ना?" ती म्हणाली. इतका समजूतदारपणा माझ्या बाजूने आठव्या दिवशी दिसला असता तर!

मग मी तिला मामलेदारांची गोदावरी सांगितली, प्राध्यापकांची गंगा सांगितली, आणि माझी नवी कसोटीही सांगितली. तिने चष्मा नाकावर सरकवला. "गंगा चालेल," ती म्हणाली. "बाकीच्या तिघी पूर्ण आपल्या देशात आहेत, हे नातं झालं. पण गोदावरी नाही चालणार."

"का?"

"महाराष्ट्रात उगम न पावणं, हे काय नातं झालं? माझाही उगम महाराष्ट्रात नाही. माझा जन्म इंदूरचा. म्हणून मी काय नदी झाले?"

मामलेदारांचा दावा असा एका सुनावणीत निकाली निघाला. अपील नाही. मी खाली आलो, प्रश्नांची सगळी कार्डं काढली आणि प्रत्येक उत्तरावर काट मारून तिथे एकच शब्द लिहिला : 'का?'

पुढच्या उत्सवासाठी समितीच्या बैठकीत मी तशी सूचनाही मांडली. मुलांना उत्तराचा एक गुण आणि कारणाचे तीन. आणि परीक्षकाला न सुचलेलं कारण मुलाने दिलं तर एक गुण जास्त. समितीने सूचनेचं टाळ्या वाजवून स्वागत केलं. परवा फलकावर नवी समिती लागली. गेल्या वर्षी आम्ही सात जण होतो. यंदाच्या यादीत सहाच नावं आहेत. गटात न बसणारा कोण, हे तुम्हाला सांगायला नको. का, तेवढं मात्र त्यांना जरूर विचारा.