रामात हनादिव : दात्याची बाग आणि घेणाऱ्यांची जागा

झिख्रोन याकोव आणि बिन्यामिना या गावांच्या मध्ये, कार्मेल डोंगराच्या दक्षिण टोकाला ‘रामात हनादिव’ ही बाग आहे. आपल्या समाजाच्या सहलींत ती अनेकांनी पाहिली आहे. परत आल्यावर बहुतेक जण एवढेच सांगतात, की गुलाब छान होते आणि प्रवेशाला पैसे पडले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ही बाग नुसती फुले पाहण्यासाठी केलेली नाही. ती एका माणसाच्या स्मरणासाठी आणि येणाऱ्याचे मन शांत व्हावे म्हणून आखलेली आहे. हे काम ती कितपत करते, तेवढ्यापुरतेच आम्ही येथे लिहीत आहोत.

नादिव म्हणजे उदार दाता. बॅरन एडमंड द रोथशिल्ड (1845–1934) यांनी 1882 नंतर येथील यहुदी वसाहतींना हात दिला, तेव्हा त्यांचे नाव उघड न घेता ‘हनादिव हयादुआ’, म्हणजे ‘सर्वांना ठाऊक असलेला दाता’, असे म्हणण्याची पद्धत पडली. ते वारले पॅरिसजवळ. याच भूमीत दफन व्हावे ही त्यांची इच्छा 1954 साली पूर्ण झाली. त्यांच्या आणि पत्नी अदा यांच्या अस्थी जहाजाने हैफा बंदरात आणून येथे ठेवण्यात आल्या. थडग्याभोवती सुमारे 70 दुनाम जागेत ही बाग आहे आणि तिच्या भोवती त्याहून कितीतरी मोठे रान राखलेले आहे.

बागेची पहिली चांगली गोष्ट म्हणजे तिचे थडगे. एवढ्या श्रीमंत माणसाचे स्मारक म्हटले की उंच घुमट किंवा मनोरा डोळ्यांसमोर येतो. येथे तसे काही नाही. थडगे खडकाच्या पोटात आहे. भर उन्हातून अंधाऱ्या वाटेने आत जावे लागते आणि कोणी ‘गप्प बसा’ असे न सांगताही माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. ज्यांना आत जायचे नाही ते नुसती बाग पाहून परतू शकतात. ज्याचे नाव उघड घेतले जात नव्हते, त्याला ही रचना शोभते.

ताडांच्या बागेबद्दल मात्र आमचे मन भरत नाही. ओळीत उभे राहिलेले, छाटलेले ताड दिसायला रुबाबदार आहेत. पण अलिबाग-रेवदंड्याकडच्या वाडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना माड म्हटला की नारळ, झाप आणि पाटाचे पाणी आठवते. येथे झाडाखाली बसण्यापेक्षा वाटेने पुढे सरकणेच अधिक होते. गुलाबांच्या बागेतही सुट्टीच्या दिवशी फोटो काढणाऱ्यांचीच गर्दी असते. शोभा आणि शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे कळते.

शांतता खरी मिळते ती सुवासाच्या बागेत. ज्यांना दिसत नाही त्यांचा विचार करून ही बाग केली आहे. पाट्या ब्रेलमध्ये आहेत आणि झाडे हाताला लागावीत अशी लावली आहेत. पान चोळावे, बोटे नाकाशी न्यावीत, थोडे थांबावे. एरवी बागेत ‘हात लावू नका’ असे सांगितले जाते, येथे हात लावण्याचे आमंत्रण आहे. मालिद्याच्या ताटात सब्जाची डहाळी ठेवून आपण सुवासाची बेराखा म्हणतो. तेव्हा वास घेऊन देवाचे नाव घेणे आपल्या आजी-आजोबांना शिकवावे लागणार नाही. डोळे अधू झालेल्या ज्येष्ठांनाही या कोपऱ्यात कोणाचा हात धरून मागे मागे फिरावे लागत नाही. आमच्या मते संपूर्ण बागेत आखणी करणाऱ्यांची समज सर्वांत जास्त येथेच दिसते.

आता आमची मुख्य तक्रार. बागेत बॅरनच्या मदतीने उभ्या राहिलेल्या वसाहतींचा दगडी नकाशा आहे. काम देखणे आहे. पण या वसाहतींची नावे मनात आणून पाहा. झिख्रोन याकोव वडिलांच्या नावाने, मझकेरेत बात्या आईच्या, बिन्यामिना स्वतःच्या आणि गिवात अदा पत्नीच्या. देशाचा नकाशा वाचता वाचता एका घराण्याची वंशावळ वाचून होते. हदेराच्या दलदलीत मलेरियाने अनेक जण मेले. ती दलदल उपसायला मिसरहून मजूर आणले होते. दगडावरचा ठिपका त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. देणाऱ्याचा आदर व्हायलाच हवा, पण घेणाऱ्याने त्या मदतीचे घामाने काय केले, हेही स्मरणात बसले पाहिजे.

हे आम्हाला खुपते, कारण आपण घेणाऱ्यांतलेच आहोत. दिमोना, येरुहाम, बेर शेवा येथे आपली माणसे उतरली, तेव्हा घर आणि काम दुसऱ्याने ठरवले. ती गावे उभी केली मात्र यांच्या हातांनी. त्याआधीचे म्हणाल, तर नवगावला, जहाज फुटून बुडालेल्या आपल्या पूर्वजांना जेथे पुरले असे आपण मानतो, तेथील दोन ढिगाऱ्यांवर कोणाचे नाव नव्हते. पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक, एवढीच ओळख. तरी आठवण टिकली, कारण घराघरांत ती सांगितली गेली. रामात हनादिवला दगड पुष्कळ आहेत. सांगणारा आपल्याला बरोबर न्यावा लागतो.

म्हणून सहल नेणाऱ्या मंडळींना दोन सूचना. पहिली, ज्येष्ठ दमण्याआधी सुवासाच्या बागेत जावे, गुलाब नंतर पाहावेत. बागेत डबा उघडता येत नाही यावर नाराज होऊ नये. पुऱ्या बाहेर खाल्ल्या तरी तितक्याच गोड लागतात आणि आत शांतता राहते. दुसरी, दगडी नकाशापाशी मुलांना गोळा करून कोणीतरी वडीलधाऱ्याने आपले कुटुंब कोणत्या साली, कोणत्या गावात उतरले, ते सांगावे. मराठीत सांगावे आणि मुलांना कळले नाही तर पुन्हा हिब्रूत सांगावे. त्या नकाशात जे कमी आहे, ते भरून काढायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.