शुभ्र झग्यांतील शेजारणी

कु क्लक्स क्लॅन म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहतात ते टोकदार बुरखे घातलेले, हाती मशाली घेतलेले पुरुष. समाजशास्त्रज्ञ कॅथलीन ब्ली यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला ‘विमेन ऑफ द क्लॅन’ हा ग्रंथ वाचताना त्या घोळक्यात आम्हांला बायका दिसू लागल्या. आणि त्या फार ओळखीच्या वाटल्या, याचेच दुःख अधिक झाले.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांवर दहशत बसविण्यासाठी जन्मलेली ही संघटना १९१५ साली पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिच्या शत्रूंत ज्यू, परदेशांतून आलेले लोक आणि कॅथलिकही होते. १९२३ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे स्त्रियांची स्वतंत्र क्लॅन निघाली. एकट्या इंडियाना राज्यात तिच्या सभासद सुमारे अडीच लाख असाव्यात, असा ब्ली यांचा अंदाज आहे.

या बायका करीत तरी काय? या प्रश्नाच्या उत्तरात ग्रंथाचा गाभा आहे. त्या सहली काढीत, मिरवणुकांत चालत, लग्ने आणि अंत्यविधी क्लॅनच्या थाटात पार पाडीत. आणि कुजबुजत. अमकी शिक्षिका कॅथलिक आहे, तमका दुकानदार ज्यू आहे, एवढे एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात पोचले की पुरे. नोकरी जाई, गिऱ्हाईक तुटे. हात कोणी उगारलेला नसे, म्हणून दाद तरी कोणाविरुद्ध मागायची? मठातून पळून आल्याचे सांगणाऱ्या ‘माजी धर्मभगिनीं’च्या व्याख्यानांना तर गर्दी लोटे. (खऱ्या धर्मभगिनी वेगळ्याच कामात होत्या. मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा ऑरेगन राज्यात १९२२ साली क्लॅनच्या पाठिंब्याने संमत झाला. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत होली नेम्स संघाच्या धर्मभगिनी होत्या, आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला.)

नवऱ्यामागे फरपटत गेलेल्या अबला, अशी सोयीची सबब ब्ली या स्त्रियांना देत नाहीत. इंडियानातील त्यांच्या पुढारी डेझी डग्लस बार या क्वेकर पंथाच्या उपदेशिका, दारूबंदीसाठी झटलेल्या. १९२० साली देशभरातील स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. स्त्रीची प्रतिष्ठा, तिचे हक्क ही भाषा क्लॅनच्या बायका मनापासून बोलत, मात्र गोऱ्या प्रॉटेस्टंट स्त्रीपुरती. एकाच तोंडी न्यायाची मागणी आणि द्वेष कसा नांदतो, हे दाखविणारी ही प्रकरणे आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटली. भाषा मात्र अधूनमधून शास्त्रीय परिभाषेने जड होते.

लेखिकेने त्या काळातील काही वृद्ध स्त्रियांना भेटून बोलते केले आहे. क्लॅनचे दिवस त्यांना मैत्रिणींच्या मेळाव्यासारखे आठवतात; पश्चात्ताप क्वचितच. नोकरी गमावलेल्या त्या शिक्षिकेला ते दिवस कसे आठवत असतील, हे या पानांत आम्हांला पुरेसे सापडले नाही.